शीतसागरांतील हॅलोजन : निसर्ग आणि मनुष्य यांचे सामाईक खाते

बालाघाटाचा उंच पठारी प्रदेश आणि गोदावरीकडे उतरत जाणारी सखल जमीन असे दोन भाग पडलेल्या बीड जिल्ह्याला समुद्राचा किनारा नाही, बर्फाची ओळख गारपिटीपुरतीच आहे, आणि येथील कित्येक गावांत पाण्याचा विचार उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपांपासून सुरू होतो. अशा प्रदेशातील वाचकापुढे ध्रुवाकडच्या थंड समुद्रांत आणि सरोवरांत निसर्गतः निर्माण होणाऱ्या हॅलोजन संयुगांचा विषय मांडणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो तेव्हा तो क्लोरीनच टाकत असतो, किराणा दुकानातील मिठाच्या पुडीवर आयोडीनचा निर्वाळा छापलेला असतो, आणि काळ्या पाषाणात खोलवर मारलेल्या बोअरमधून वर येणाऱ्या पाण्यात फ्लोरीन हे फ्लोराइडच्या रूपाने विरघळलेले असू शकते. महाराष्ट्रातील फ्लोराइडबाधित जिल्ह्यांची नामावळी सांगताना चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांच्या जोडीला बीडचेही नाव घेतले जाते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. हे फ्लोराइड खडकातून आलेले, म्हणजे पूर्णपणे निसर्गदत्त, आणि टीसीएल पावडर कारखान्यातून आलेली, म्हणजे पूर्णपणे मनुष्यकृत असताना, अपाय पहिल्याकडून होतो आणि पटकी-अतिसारापासून रक्षण दुसरी करते, ही गोष्ट प्रस्तुत विषयात शिरताना ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन या चार हॅलोजन मूलद्रव्यांचा कार्बनशी संयोग झाला की जी सेंद्रिय संयुगे बनतात, त्यांची सामान्य लोकांतील कीर्ती चांगली नाही. आणि डीडीटी, पीसीबी, एंडोसल्फान, ओझोनचा थर विरळ करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन यांची नावे ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना ही कीर्ती अकारण वाटणार नाही. २००१ साली झालेल्या आणि २००४ साली अमलात आलेल्या स्टॉकहोम कराराने ज्या चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांवर निर्बंध घातले ती बहुतांशी याच कुळातली आहेत. भारतानेही २००६ साली त्या कराराला मान्यता दिली. यावरून असा एक समज रूढ झाला की कार्बनला क्लोरीन किंवा ब्रोमीन जोडण्याचा उद्योग केवळ माणसाचा, आणि निसर्गाच्या दप्तरात अशा जिनसांची नोंदच नाही. गेल्या साठ वर्षांच्या संशोधनाने हा समज समूळ खोटा ठरवला. परंतु त्याच्या जागी दुसरा तितकाच घातक समज, म्हणजे निसर्ग जे करतो ते निरुपद्रवी आणि निसर्गच करतो म्हणून माणसालाही मोकळीक, हा डोके वर काढू लागला. या दोन्ही समजांना बाजूला सारून, पदार्थ कोणी केला याने त्याचा अपाय ठरत नाही, तो ठरतो त्याच्या प्रमाणावरून, आयुर्मर्यादेवरून आणि तो कोठे जाऊन साचतो यावरून, हा सिद्धांत थंड पाण्यातील पुराव्याच्या आधारे तपासून पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

या संयुगांचा इतिहास समुद्रापासूनच सुरू होतो. १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा याला समुद्रशैवलाच्या राखेतून आयोडीन मिळाले, आणि १८२६ साली बालार याला माँपेल्ये येथील मिठागरांच्या पाण्यात ब्रोमीन सापडले; पण ही मूलद्रव्ये सजीवाच्या देहात कार्बनशी जोडलेली असतात याचा पहिला ठोस दाखला १८९६ साली ड्रेक्सेल याने एका प्रवाळातून आयोडीनयुक्त अमिनो आम्ल वेगळे केले तेव्हा मिळाला. त्यानंतर १९०९ साली फ्रीडलेंडर याने १२,००० सागरी गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम जांभळा रंग काढून, प्राचीन फिनिशियन व्यापाऱ्यांनी भूमध्यसमुद्राच्या काठी विकलेला आणि रोमन सम्राटांनी मिरवलेला तो राजवर्ण म्हणजे दोन ब्रोमीन अणू धारण करणारी नीळच आहे, असे सिद्ध केले. १९१४ साली केंडॉलने अवटुग्रंथीतील थायरॉक्सिन वेगळे केले आणि आपल्या स्वतःच्या गळ्यातही आयोडीनचे असे एक संयुग अहोरात्र तयार होत असते हे उघड झाले. तरीही १९६८ साली या विषयाचा ताळेबंद मांडला गेला तेव्हा ज्ञात नैसर्गिक संयुगांची संख्या पंचवीस-तिसांच्या पुढे गेली नव्हती, आणि विद्वानांचा कल ही निसर्गाची क्वचित घडणारी लहर आहे असे मानण्याकडेच होता. आज ती संख्या ५,००० च्या कितीतरी पुढे गेली असून, हा जमाखर्च आयुष्यभर चिकाटीने ठेवणारे अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे गॉर्डन ग्रिबल यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते.

या यादीतील काही नावे मराठी घरांतल्या औषधांच्या फडताळातही येऊन गेलेली आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. विषमज्वराच्या रोग्याला ज्या औषधाने एका पिढीला जीवदान दिले ते क्लोरोमायसेटिन मातीतील एका जिवाणूने तयार केलेले क्लोरीनयुक्त संयुग होते. गजकर्णावर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन एका बुरशीचे क्लोरीनयुक्त अपत्य आहे. आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालील प्रयोगशाळेतून १९४८ साली जगापुढे आलेले ऑरिओमायसिनही त्याच जातकुळीचे. म्हणजे क्लोरीन जोडला की पदार्थ विषारीच, हा नियम नाही. तो कोणासाठी विषारी आणि कोणासाठी तारक हे मात्रेवर आणि स्थळावर अवलंबून असते.

आता समुद्राकडे वळू. एक किलो समुद्रजलात क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, ब्रोमाइड सुमारे ६७ मिलिग्रॅम, फ्लोराइड १.३ मिलिग्रॅम आणि आयोडीन तर मिलिग्रॅमच्या सतराव्या हिश्श्याइतके, अशी साधारण वाटणी आहे. ज्याचा साठा जवळजवळ तीनशे पट मोठा त्या क्लोरीनचीच संयुगे समुद्रात अधिक असावीत अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात सागरी जीवांच्या देहात ब्रोमीनचे वर्चस्व आढळते, आणि याचे कारण रासायनिक आहे. ब्रोमाइडमधून इलेक्ट्रॉन काढून घेणे क्लोराइडच्या मानाने सोपे असते, आणि तपकिरी व तांबड्या शैवलांपाशी त्यासाठी लागणारे व्हॅनेडियमयुक्त एंझाइम असते, जे पहिल्याने उत्तर अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरील एका तपकिरी शैवलात १९८४ साली ओळखले गेले. प्रखर प्रकाशात किंवा एखाद्या जंतूच्या हल्ल्यात शैवलाच्या पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड साचू लागते. हे एंझाइम त्या पेरॉक्साइडचा निचरा करताना ब्रोमाइडचे हायपोब्रोमस आम्लात रूपांतर करते, आणि हे तिखट आम्ल जवळ जे सेंद्रिय द्रव्य सापडेल त्याला ब्रोमीन चिकटवत जाते. त्यातून काही संयुगे शैवलाच्या स्वसंरक्षणाला उपयोगी पडतात, आणि जे आम्ल पेशीबाहेर निसटते ते पाण्यातील विरघळलेल्या द्रव्याशी संयोग पावून ब्रोमोफॉर्मसारखे बाष्पशील पदार्थ हवेत सोडते. उत्तरेकडील मोठी तपकिरी शैवले आयोडीनच्या बाबतीत याहून पुढे जातात. समुद्रजलातील आयोडीन सुमारे ३०,००० पटींनी साठवून ती त्याचा उपयोग संकटकाळच्या कवचासारखा करतात, हे २००८ साली क्युपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

हे सारे रसायन आपल्याला अपरिचित नाही. टीसीएल पावडर पाण्यात पडली की जे हायपोक्लोरस आम्ल निर्माण होते ते या हायपोब्रोमस आम्लाचे सख्खे भावंड आहे, आणि आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी तेच आम्ल आपल्या देहात बनवतात. विहिरीच्या पाण्यात पालापाचोळ्याचा अंश असेल तर क्लोरीनच्या क्रियेतून अल्प क्लोरोफॉर्म तयार होतो, हे १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात रूक या रसायनज्ञाने दाखवले. पण म्हणून कोणी शहाणा मनुष्य निर्जंतुकीकरण थांबवण्याचा सल्ला देत नाही, कारण अस्वच्छ पाण्याने होणारी हानी त्या अल्पांशाच्या हानीपेक्षा कैक पटींनी मोठी असते.

समुद्र सर्वत्र हेच करत असताना शीत प्रदेशांचा वेगळा विचार का करावा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो, आणि त्याची चार कारणे देता येतात. पहिले असे की महिनोन्महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य उगवतो तेव्हा बर्फाच्या तळाशी चिकटून वाढणाऱ्या शैवलांवर प्रकाशाचा ताण एकाएकी येतो. आर्क्टिकमधील अशी बर्फशैवले ब्रोमोफॉर्म सोडतात हे स्टर्जेस, कोटा आणि बकली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. दुसरे असे की समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकते, आणि बर्फाच्या सूक्ष्म नळ्यांत व पृष्ठभागावर अतिशय घट्ट असे खारे पाणी उरते, ज्यात हॅलोजनांची गर्दी होते. तिसरे, थंडीत पदार्थांचे विघटन मंद गतीने होते आणि उष्ण प्रदेशात उडालेली वाफ थंड प्रदेशात येऊन बसते, म्हणून दक्षिणेकडची फवारणी उत्तरेकडच्या हिमात उतरते. चौथे, तेथील अन्नसाखळीच्या शेवटी सील, देवमासे, ध्रुवीय अस्वले आणि त्यांच्यावर निर्वाह करणारी माणसे आहेत. या दीर्घायुषी जीवांच्या चरबीत चरबीला चिकटणारी संयुगे वर्षानुवर्षे मुरत राहतात.

यांपैकी दुसऱ्या कारणाने वातावरणशास्त्रज्ञांना एक मोठे कोडे घातले होते. कॅनडाच्या उत्तर टोकाला, ८२ अंश अक्षांशावर असलेल्या अलर्ट या ठाण्यावर वसंत ऋतूच्या आरंभी जमिनीलगतचा ओझोन अब्जात तीस-चाळीस भागांवरून काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर येत असे, आणि त्याच वेळी गाळणकागदावर ब्रोमीन सापडत असे. १९८८ साली बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंचा संबंध जोडला. समुद्रबर्फावरील आणि हिमावरील ब्रोमाइड सूर्यप्रकाशात हवेत उतरते, ओझोनचा नाश करता करता पुन्हा हिमावर परतून आणखी ब्रोमाइड सोडवून आणते, आणि असे एकाचे दोन, दोनाचे चार होत ब्रोमीनचा उद्रेक होतो. पुढे उपग्रहांनी दोन्ही ध्रुवांभोवती वसंतात ब्रोमीन ऑक्साइडचे हजारो किलोमीटर पसरलेले ढग टिपले. अलर्ट येथेच हवेतील पाराही ओझोनबरोबर नाहीसा होतो आणि हिमावर उतरतो, हे श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जाहीर केले. यातील ब्रोमीन निसर्गाचे, पण तो पारा बऱ्याच अंशी जगभरच्या कोळशाच्या भट्ट्यांतून, म्हणजे परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या शेकडो केंद्रांच्या धुराड्यांतूनही निघालेला; तेव्हा हा मामला निसर्गाचा की माणसाचा, याचा निवाडा एका शब्दात देता येत नाही.

आयोडीनच्या बाबतीत महाराष्ट्राचा आणि गोव्याचा संबंध प्रत्यक्ष येतो. १९८१ च्या डिसेंबरात डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली. पुढे १९८९ मध्ये शिरमाखर खडकाळ प्रदेशात ‘मैत्री’, २००८ मध्ये आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहात ‘हिमाद्री’ आणि २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ अशी ठाणी उभी राहिली, आणि त्यांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अनूप महाजन आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिण महासागराच्या भारतीय मोहिमांत जहाजावरून आणि मैत्री व भारती येथील तीन उन्हाळ्यांत जमिनीवरून आयोडीन ऑक्साइडची मापने केली. हे प्रमाण लाख कोटी भागांत एखाद्या भागाच्या घरातले असते. तरीही इतक्या विरळ वायूने ओझोनच्या हिशेबात आणि ढगांना जन्म देणाऱ्या सूक्ष्म कणांच्या निर्मितीत हस्तक्षेप होतो, आणि समुद्रावरून आयोडीन किती बाहेर पडावे याची जी सूत्रे जगभर वापरली जातात ती आपल्या दक्षिणेकडील समुद्रांना तंतोतंत लागू पडत नाहीत, असे या मापनांवरून निष्पन्न झाले. महाजन स्वतः, त्यापूर्वी, अंटार्क्टिकातील हॅली या ब्रिटिश ठाण्यावर लाख कोटीत वीस भागांपर्यंत आयोडीन व ब्रोमीनची ऑक्साइडे नोंदवणाऱ्या २००७ च्या गाजलेल्या अभ्यासातही सहभागी होते. मान्सूनच्या अंदाजाशीच जिचे नाव मराठवाड्यात जोडले जाते त्या संस्थेचे हे काम आपल्या वर्तमानपत्रांतून क्वचितच वाचायला मिळते.

हवेनंतर देहाकडे यावे. १९९० नंतर सील, देवमासे आणि समुद्रपक्षी यांच्या चरबीत आग विझवणाऱ्या औद्योगिक ब्रोमीनयुक्त पदार्थांशी रचनेत अगदी मिळतीजुळती, पण एक मिथॉक्सी गट जादा असलेली संयुगे सापडू लागली, आणि ही त्या कारखानी पदार्थांची अपत्ये की स्वतंत्र, असा वाद पडला. त्याचा निकाल लावण्याची युक्ती मोठी चतुर होती. कारखान्यातील पदार्थ खनिज तेलापासून बनतो, आणि ते तेल इतके पुरातन की त्यातील किरणोत्सारी कार्बन-१४ केव्हाच संपलेला असतो. जिवंत शैवलाने बनवलेल्या पदार्थात मात्र तो ताजा असतो. टॉयटन, शू आणि रेडी यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर लागलेल्या एका चोचदार देवमाशाच्या चरबीतून ही संयुगे मोठ्या कष्टाने शुद्ध करून त्यांतील कार्बन-१४ मोजला, आणि २००५ साली ती निश्चितपणे नैसर्गिक आहेत असे जाहीर केले. पुढे १९२१ साली चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन या शिकारी जहाजाने अखेरच्या सफरीत आणलेले देवमाशाचे तेल तपासले असता त्यातही ही संयुगे निघाली. आणि हॅलोजन संयुगांच्या याच कुळातल्या पीसीबीचे व्यापारी उत्पादन तर १९२९ साली सुरू झाले, म्हणजे माणसाच्या कारखान्यापूर्वीच देवमाशाच्या चरबीत हा संचय होत होता. सात क्लोरीन अणू असलेले आणखी एक नैसर्गिक संयुग, ज्याला शोधकांनी केवळ ‘क्यू-१’ असे नाव दिले, अंटार्क्टिकातील पक्ष्यांच्या अंड्यांत आणि फेरो बेटांवरील स्त्रियांच्या दुधातही आढळले.

तर मग नैसर्गिक म्हणून ही संयुगे निर्दोष मानावीत काय? तसा दाखला देता येत नाही. यांचा हायड्रॉक्सी गट असलेला नातेवाईक रचनेत थायरॉक्सिनशी इतका जुळतो की रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणाऱ्या प्रथिनावर तो त्याची जागा बळकावू शकतो, आणि पेशीतील ऊर्जानिर्मितीतही बिघाड करतो. शैवलाने ही संयुगे केली ती शोभेसाठी नव्हेत. अंटार्क्टिकातील प्लोकेमियम हे तांबडे शैवल हॅलोजनयुक्त टर्पिने तयार करते आणि झिंग्यासारखे लहान प्राणी ते खाण्याचे टाळतात. डेलिसिया या दुसऱ्या तांबड्या शैवलाची ब्रोमीनयुक्त फ्युरॅनोने जिवाणूंमधील परस्परसंदेश तोडतात, त्यामुळे त्याच्या अंगावर जिवाणूंचा थर बसत नाही. जे द्रव्य शत्रूसाठी शस्त्र म्हणून घडवले गेले ते तिऱ्हाइताच्या देहात निष्क्रिय राहील, असा भरवसा बाळगण्यास कारण नाही.

बाल्टिक समुद्र या दृष्टीने विशेष शिकवण देणारा आहे. नद्यांच्या गोड पाण्याने मचूळ झालेल्या, उथळ आणि थंड अशा या समुद्रात सिरॅमियम हे तांबडे शैवल आणि उन्हाळ्यात फुलणारी नीलहरित शैवले हायड्रॉक्सी व मिथॉक्सी गटाची ब्रोमीन संयुगे मोठ्या प्रमाणात तयार करतात, आणि ती शिंपल्यांत व माशांत उतरतात. त्याच्या उत्तर भागातून ब्रोमोअनिसोल ही वासाची बाष्पशील संयुगे हवेत जात असल्याचे स्वीडनमधील उमेओ येथील बिडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले आहे. आता या समुद्रात शेतांतील खते आणि गावांचे सांडपाणी उतरल्यामुळे तंतुमय शैवलांची वाढ बेसुमार झाली आहे. संयुग बनवणारे शैवल नैसर्गिक, पण त्याला खुराक पुरवणारा मनुष्य. मग या उत्पादनातील वाढीव हिस्सा कोणाच्या नावे लिहावा? खत आणि सांडपाणी ज्यांचे त्यांच्याच नावे तो लिहिणे न्याय्य आहे.

गोड्या पाण्याचा भाग समुद्राइतका समृद्ध नाही, पण धोरणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये कागदाच्या लगद्याला क्लोरीनने पांढरे करणाऱ्या गिरण्यांवर जनमत खवळले होते, आणि पाण्यातील एकूण सेंद्रिय हॅलोजन मोजून त्यांच्यावर मर्यादा घालण्याचा प्रयत्न चालू होता. तेव्हा ग्रिमवाल आणि आस्पलुंड यांनी जेथे एकही गिरणी नाही अशा दुर्गम सरोवरांचे पाणी तपासले आणि त्यातही हे द्रव्य सापडले. कुजणाऱ्या पानांवर व लाकडावर बुरशीची एंझाइमे क्लोरीन चढवतात, सूचिपर्णी वनांच्या मातीतून क्लोरोफॉर्म निघतो, आणि पीटच्या दलदलीत हजारो वर्षांचे हॅलोजनयुक्त ह्यूमस साचलेले असते, असा उलगडा पुढे होत गेला. गिरणीमालकांच्या बाजूने यावर असा युक्तिवाद होऊ शकत होता की निसर्गच दोषी आहे. परंतु एकूण आकडा सारखा असला तरी त्यातील तपशील सारखा नसतो. सरोवरातील नैसर्गिक हॅलोजन बहुतांशी ह्यूमसच्या अवजड रेणूंत बांधलेला असतो आणि जीवांच्या चरबीत शिरत नाही, तर गिरणीच्या सांडपाण्यात माशांत मुरणारी लहान रेणूंची संयुगेही असत. म्हणून एकूण बेरीज पाहून कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवणे म्हणजे सातबारा न वाचता केवळ शेताची लांबीरुंदी पाहून मालकी ठरवण्यासारखे आहे.

हीच गोष्ट पृथ्वीच्या वातावरणाच्या हिशेबात अधिक ठसठशीतपणे दिसते. १९७१ साली जेम्स लव्हलॉक यांनी शॅकल्टन जहाजावरून ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे जाताना हवेत माणसाचे क्लोरोफ्लुरोकार्बनही मोजले आणि समुद्राचे मिथिल आयोडाइडही; एकाच यंत्राने एकाच सफरीत दोन्ही खाती उघडली गेली, असे म्हणता येईल. आज हवेतील क्लोरोमिथेन लाख कोटीत सुमारे ५५० भाग असून ते मुख्यतः वनस्पती, समुद्र, बुरशी आणि जळणारा पालापाचोळा यांतून येते. आणि क्लोरोफ्लुरोकार्बनांपैकी सीएफसी-१२ हा संपूर्ण मनुष्यकृत वायू लाख कोटीत सुमारे ५०० भाग, म्हणजे जवळजवळ तितकाच आहे. परंतु क्लोरोमिथेनचे आयुष्य एक वर्षाचे आहे आणि निसर्गात त्याची आवक व जावक युगानुयुगे बरोबरीत चालत आली आहे. सीएफसी-१२ चे आयुष्य शंभर वर्षांचे असून, त्याची आवक १९३० च्या सुमारास अकस्मात सुरू झाली आणि १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने ती थांबवेपर्यंत जावक तिच्या मागे पडत राहिली. समुद्राच्या ब्रोमोफॉर्मचे आयुष्य तर तीन-चार आठवड्यांचेच. तरी ते वेगाने वर उचलले गेले तर ओझोनच्या थरापर्यंत पोहोचते, आणि स्थितांबरातील एकूण ब्रोमीनपैकी सुमारे पाव हिस्सा अशा अल्पायुषी नैसर्गिक संयुगांचा आहे.

हे उचलण्याचे काम कोण करते, याचे एक उत्तर बीडच्या शेतकऱ्यासही चांगले ठाऊक आहे. २०१४ च्या जुलैत ‘झोन’ या जर्मन संशोधन जहाजाने पश्चिम हिंदी महासागरात जी मापने केली त्यांवरून, आशियाई मान्सूनच्या अभिसरणाबरोबर तेथील समुद्राची ब्रोमीन व आयोडीनयुक्त अल्पायुषी संयुगे स्थितांबरापर्यंत जाऊन पोहोचतात, असे दिसून आले. ज्या वाऱ्याची वाट मृगापासून पाहिली जाते, ज्याच्या उशिराने पेरणी दुबार होते आणि ज्याच्या खंडाने ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढते, तोच वारा समुद्राचे हॅलोजन ओझोनच्या दारापर्यंत नेतो. आणि म्हणूनच ध्रुवांचा विषय हा मराठवाड्यातील माणसाला सर्वस्वी परका नाही.

निसर्गाच्या आणि माणसाच्या खात्यांत आज नुसती शेजारीपणाची हद्द उरलेली नाही, त्यांच्यात उसनवारीही चालू आहे. ग्रीनलंडमधील एका बर्फस्तंभाच्या अभ्यासावरून, उत्तर अटलांटिकवरील वातावरणात विसाव्या शतकाच्या मध्यापासून आयोडीनचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. समुद्राने स्वतःहून आपला स्वभाव बदलला असे नाही. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातून जमिनीलगत वाढलेला ओझोन समुद्रपृष्ठावरील आयोडाइडवर क्रिया करून आयोडीन मोकळे करतो, आणि बर्फ पातळ झाल्याने त्याला वाटही अधिक मिळते. याच्या नेमके उलट उदाहरण फ्लोरीनचे. निसर्गाने कार्बनशी फ्लोरीन जोडण्याचा उद्योग फारच क्वचित केला. दक्षिण आफ्रिकेतील एका विषारी झुडपातील फ्लोरोॲसिटेट, जे १९४३ साली ओळखले गेले, आणि बोटांवर मोजण्याजोगी आणखी काही संयुगे, एवढीच त्याची पुंजी. फ्लोराइड दगडात मुबलक असूनही जीवसृष्टीने ते आपल्या सेंद्रिय कारखान्यात घेतलेच नाही, आणि म्हणून माणसाने तव्यांवरच्या न चिकटणाऱ्या लेपांसाठी व अग्निशामक फेसासाठी बनवलेली अतिफ्लोरिनित संयुगे मोडण्याची सवय सजीवांना नाही. ध्रुवीय अस्वलांच्या यकृतात सापडणाऱ्या या संयुगांच्या बाबतीत निसर्गाचा वाटा आहे, अशी सबब कोणालाच पुढे करता येणार नाही.

पुढील काळात पाहण्याजोगे प्रश्न कोणते, हेही यावरून स्पष्ट होते. आर्क्टिकमधील बहुवर्षीय बर्फ कमी होऊन एकवर्षीय, अधिक खारा बर्फ वाढतो आहे, त्याने ब्रोमीनचे उद्रेक वाढतील की घटतील? बर्फशैवलांची जागा उघड्या पाण्यातील शैवलांनी घेतली तर कोणत्या संयुगांचे पारडे जड होईल? आणि नितळ, मीठविरहित पाण्याच्या सरोवरांत हे रसायन कसे चालते? या प्रश्नांची उत्तरे एकाच देशाच्या मोजमापांनी मिळणार नाहीत. आपल्या मैत्री ठाण्याभोवती शिरमाखर प्रदेशात शंभराहून अधिक गोड्या पाण्याची सरोवरे आहेत, आणि ठाण्यावरील माणसे त्यांपैकीच प्रियदर्शिनी सरोवराचे पाणी वापरतात. जेथे शेती नाही, गिरणी नाही आणि वस्तीही नाममात्र, अशा या जलाशयांची हॅलोजनांच्या दृष्टीने दीर्घकालीन आणि नियमित नोंद ठेवणे हे भारताला सहज शक्य असलेले काम आहे. कारण निसर्गाची मूळ जमा किती होती हे माहीत नसताना माणसाने तीत किती भर घातली हे काढता येत नाही.

आणि पदार्थाचा अपाय कशावरून ठरवावा, हा निर्णय करण्याची वेळ पुढेमागे गोठ्यापर्यंतही येणार आहे. ॲस्पॅरॅगॉप्सिस या तांबड्या शैवलाची एक जात उष्ण समुद्रात, भारताच्या किनाऱ्यावरही, आणि दुसरी थंड समशीतोष्ण समुद्रात वाढते. त्यातील ब्रोमोफॉर्म रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना आवर घालतो. कॅलिफोर्नियात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खाद्यात अल्प प्रमाणात हे शैवल मिसळल्याने गोऱ्ह्यांच्या मिथेनमध्ये काही आहारांत ८० टक्क्यांपर्यंत घट झाली. उद्या हा पूरक खुराक ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारून देवणी किंवा लाल कंधारी जनावरांच्या गव्हाणीत आला, तर शेतकऱ्याने त्या शिक्क्यावर भाळूही नये आणि ब्रोमोफॉर्म हे नाव ऐकून घाबरूनही जाऊ नये. किती ग्रॅम, किती दिवस, दुधात किती उतरते, आणि शैवल वाळवताना व साठवताना किती ब्रोमोफॉर्म हवेत निसटतो, असे चार प्रश्न त्याने आणि पशुवैद्यकाने विचारावेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ब्रोमोफॉर्मला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती घालताना तो शैवलाचा की कारखान्याचा हे विचारलेले नाही, आणि दुधाच्या बाबतीतही ते विचारण्याचे प्रयोजन नाही.